क्रीमचा कर आणि क्रीमचे नाव

साध्या पावावर कर नाही. त्याच पावाला मधून चीर देऊन आत क्रीम भरले की शंभरास अठरा रुपये कर, अशी आपल्याकडे २०१७ पासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत व्यवस्था होती. ११ सप्टेंबर २०२४ रोजी कोइमतूर येथे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्यासमोर तेथील एका जुन्या उपाहारगृहाच्या मालकांनी ही विसंगती मोठ्या गमतीने मांडली. गिऱ्हाईक आता पाव वेगळा आणि क्रीम वेगळे मागते, आपले आपण भरून खातो म्हणते, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. सभेत हशा पिकला, पुढे त्यावरून राजकीय वादही माजला, आणि वर्षभराने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, केक, पेस्ट्री, बिस्किटे व चॉकलेट यांवरील कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला. पाव आणि क्रीमचा पाव यांच्यातील अंतर अठरा पायऱ्यांचे होते, ते पाच पायऱ्यांचे झाले.

येथे हा विषय संपला अशी सर्वांची समजूत आहे. मला तसे वाटत नाही. कर किती घ्यावा हा प्रश्न सुटला. परंतु ज्याला आपण क्रीम म्हणतो ते क्रीम आहे का, ज्याला चॉकलेट म्हणतो ते चॉकलेट आहे का, आणि खरे क्रीम घालून घरी रोल करणाऱ्या बाईला या नव्या दरांनी काय मिळाले, हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. गाणे शिकविणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण साधे आहे. २०२० च्या टाळेबंदीत माझे वर्ग बंद पडले, तसे पुष्कळांचे उद्योग बंद पडले. आणि माझ्या विद्यार्थिनींच्या घरांपैकी तीन घरांत त्या वर्षी ओव्हन आला, तो आजतागायत विझलेला नाही. त्यांपैकी एका घरात मुलीची शिकवणीची फी क्रीम-रोलच्या पैशांतून येते. तेव्हा हा प्रश्न माझ्या तंबोऱ्यापर्यंत येऊन पोचलेला आहे.

अलंकाराचा कर

पावाला माफी आणि क्रीमला कर, या नियमामागे एक विचार आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पाव ही भूक भागविण्याची वस्तू, क्रीम ही हौस. भुकेवर कर नसावा, हौसेवर असावा. अडचण अशी की ही रेघ ओढावयाची कोठे, हे कोणत्याही देशाला नीट सांगता आलेले नाही.

ब्रिटनचे उदाहरण मनोरंजक आहे. तेथे केकवर आणि साध्या बिस्किटावर मूल्यवर्धित कराचा दर शून्य. परंतु बिस्किटावर चॉकलेट चढले की पूर्ण कर. जाफा केक नावाचा एक पदार्थ आहे. खाली मऊ केक, त्यावर संत्र्याच्या मुरंब्यासारखा थर, वर चॉकलेट. हा केक की बिस्कीट, यावर खटला चालला आणि १९९१ साली न्यायाधिकरणाने त्याला केक ठरविले. त्या वेळी विचारात घेतलेल्या मुद्द्यांपैकी एक असा की, केक शिळा झाला की कडक होतो आणि बिस्कीट शिळे झाले की मऊ पडते. जाफा केक शिळा झाला की कडक होतो. आपल्याकडेही अशी करमणूक झाली. गोठविलेला पराठा ही पोळीच की दुसरे काही, यावर गुजरातेतच वाद झाला आणि २०२२ साली येथील अपील प्राधिकरणाने पराठ्यावर अठरा टक्के कर योग्य ठरविला. आता, २०२५ च्या बदलात, पोळी आणि पराठा दोन्ही करमुक्त झाले.

या सगळ्या वादांत एक गोष्ट समान दिसते. कर लावणारा पदार्थाचे नाव आणि आकार पाहतो. त्याचा कस पाहत नाही. लोण्याचे क्रीम असो की घट्ट केलेल्या पामतेलाचे, कायद्याच्या लेखी दोन्ही क्रीमचे पाव एकच. अठरा टक्के होते तेव्हा दोघांना अठरा, आज पाच आहेत तर दोघांना पाच.

सवलत कोणाच्या पदरात?

दर उतरले याचे स्वागतच केले पाहिजे. मुलांच्या डब्यातली वस्तू स्वस्त झाली तर तक्रार कोणी करावी? परंतु सवलत कोणाला किती पोचली, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

कारखान्यातून निघालेल्या क्रीम-रोलची मूळ किंमत शंभर रुपये धरू. पूर्वी तो गिऱ्हाइकाला ११८ रुपयांना पडे. सवलत पूर्णपणे पुढे दिली असेल तर आता १०५ रुपयांना पडेल. तेरा रुपयांचा फरक झाला. शिवाय कारखानदाराने लोणी, चॉकलेट, कागद यांवर जो कर भरला तो त्याला आपल्या करातून वजा करून मिळतो.

आता घरी रोल करणारी बाई घ्या. मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर तिला या कराची नोंदणी करावी लागत नाही. ती गिऱ्हाइकाकडून कर घेत नाही आणि सरकारला भरीत नाही. म्हणजे तिच्या शंभर रुपयांच्या मालाची किंमत पूर्वीही शंभर होती आणि आजही शंभरच आहे. विकत घेतलेल्या जिनसांवर मात्र ती कर भरते, आणि तो तिला कोणी परत करीत नाही. तिच्या शंभर रुपयांच्या मालात लोणी दहा रुपयांचे आणि चॉकलेट दहा रुपयांचे आहे असे समजू. लोण्यावरचा कर बारावरून पाचावर आला, म्हणजे सत्तर पैसे वाचले. चॉकलेटवरचा अठरावरून पाचावर आला, म्हणजे एक रुपया तीस पैसे वाचले. एकूण दोन रुपये. साखरेवरचा पाच टक्के कर आहे तसाच राहिला. मैद्याच्या बंद पुडीवर २०२२ च्या जुलैपासून पाच टक्के लागतो, तोही तसाच.

तात्पर्य, एकीकडे तेरा रुपये उतरले आणि दुसरीकडे दोन. पूर्वी घरचा रोल कारखान्याच्या रोलपेक्षा अठरा रुपयांनी सोडवणुकीचा होता. आता तो पाच रुपयांनीच आहे. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. कर उतरविताना घरगुती व्यवसाय कोणाच्या डोळ्यासमोर नव्हता, एवढेच. ज्याच्या डोक्यावर मोठे ओझे त्याचे ओझे उतरविले की ज्याच्या डोक्यावर ओझेच नव्हते तो आपोआप मागे पडतो. यावर उपाय पुन्हा कर वाढविणे हा नव्हे. उपाय हा की, दोघांनी काय विकले हे गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसले पाहिजे. आणि नेमके तेथेच घोटाळा आहे.

नाव एक, पदार्थ दुसरा

आपल्या बेकरीतला क्रीम-रोल आठवावा. खारीच्या पदरांची नळी, आत पांढरे शुभ्र, गोड, ताठ उभे राहिलेले क्रीम. हे क्रीम दुधाचे कधीच नव्हते. वनस्पती तूप आणि पिठीसाखर फेटून ते केलेले असे. त्यात फसवणूक होती असेही म्हणवत नाही; त्याचा भाव, त्याची चव आणि त्याचा गिऱ्हाईक, तिघेही एकमेकांना ओळखून होते. पण वनस्पती तुपातील ट्रान्स-चरबी हृदयाला घातक ठरली. तेव्हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तिची मर्यादा पायरीपायरीने खाली आणली आणि २०२२ च्या जानेवारीपासून ती दोन टक्क्यांवर ठेवली. हे काम निःसंशय चांगले झाले. त्यानंतर तिची जागा मुख्यतः पामतेलापासून केलेल्या घट्ट चरबीने घेतली. ट्रान्स-चरबी गेली, म्हणून हे क्रीम सायीचे झाले असे मात्र नाही.

चॉकलेटची कथा याहून ताजी आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. २०२३-२४ च्या हंगामात तेथे अतिवृष्टी, पाठोपाठ कोरडे वारे, फळ काळे पाडणारी बुरशी, झाडे सुजविणारा विषाणू आणि म्हाताऱ्या झालेल्या बागा अशी संकटे एकत्र आली. वर्षानुवर्षे टनाला अडीच हजार डॉलरांच्या आसपास रेंगाळणारा भाव २०२४ च्या मार्चमध्ये दहा हजारांच्या वर गेला आणि डिसेंबरात बारा हजारही ओलांडून गेला. २०२५ च्या अखेरीस तो निम्म्यावर उतरला. पण मधल्या दीड-दोन वर्षांत कारखान्यांनी जो धडा घेतला तो भावाबरोबर उतरला नाही. कोकोच्या बियांतील चरबी, म्हणजे कोको बटर, काढून तेथे पाम किंवा तत्सम वनस्पतींची चरबी घालावयाची आणि कोकोची पूड थोडी ठेवावयाची. रंग तोच, चकाकी तीच, खर्च पुष्कळ कमी. याला व्यापारात कंपाउंड म्हणतात. ब्रिटनमध्ये पेंग्विन आणि क्लब या घरोघर खाल्ल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या कृतीत असा बदल झाला, तेव्हा २०२५ साली त्यांच्या वेष्टनावर ‘चॉकलेट’ऐवजी ‘चॉकलेटचा स्वाद’ असे लिहिणे भाग पडले. तेथला कायदा नावाच्या बाबतीत कडक आहे.

आपल्याकडे पुडीवर हे लिहिण्याचे नियम आहेत. कंपाउंडच्या पुडीवर घटकांची यादी वाचली की वनस्पती चरबी दिसते. परंतु बेकरीच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या रोलवर पुडीच नसते. तेथे एक चिठ्ठी असते आणि तीवर ‘चॉकलेट क्रीम रोल’ एवढेच असते. त्या तीन शब्दांपैकी खरा शब्द पुष्कळदा शेवटचाच.

नावांचे असे स्थलांतर आपल्याकडे नवे नाही. फ्रान्समध्ये एक्लेर नावाचा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून आहे. लोणी, पाणी, मैदा आणि अंडी यांच्या उकडीपासून भाजलेली पोकळ नळी, आत क्रीम, वर चॉकलेट. आपल्या गावात एक्लेअर म्हटले की पोर टॉफी पुढे करते. नाव टॉफीने नेले आणि पदार्थ बिननावाचा राहिला. त्यात कोणाचे नुकसान झाले नाही, कारण टॉफीला कोणी नळी समजत नाही. नुकसान होते ते नाव आणि रूप दोन्ही तीच असून आतला जिन्नस बदलला म्हणजे.

माझ्या क्षेत्रातले उदाहरण देतो. आज बहुतेक शिकवणीच्या वर्गांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो, माझ्याही आहे. त्याला कोणी खोटा म्हणत नाही, कारण ‘इलेक्ट्रॉनिक’ हे विशेषण त्याच्या नावात उघड आहे आणि भोपळा, तारा व जवारी यांचा भाव कोणी त्याला देत नाही. विशेषण लपविले असते तर मिरजेच्या कारागिरांचे काय झाले असते, याचा विचार करावा. क्रीमच्या बाबतीत नेमके तेच विशेषण लपविले जाते आहे.

हे सुधारणे अशक्य आहे असेही नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने साखरेच्या पेयांना आपल्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. जुलाबाने बेजार झालेल्या मुलाला भलतेच पेय औषध समजून दिले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. इच्छा झाली की नाव शुद्ध करता येते.

घरी करून पाहावे

आता मी वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी ओव्हन आहे त्यांस, सुचवितो की हा पदार्थ एकदा घरी करावा. विकत आणणे बंद करावे म्हणून नव्हे. आपण काय विकत घेतो हे कळावे म्हणून. ज्या घरांत मी तो होताना पाहिला तेथे अंडे चालत नाही, म्हणून एक्लेरची उकड न करता यीस्टचा गोड पाव करतात. सोळा रोलांचे प्रमाण असे.

मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध ३०० मिलिलिटर, साखर ६० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, झटपट फुगणारे कोरडे यीस्ट ७ ग्रॅम आणि मीठ ७ ग्रॅम. दूध बोटाला सोसेल इतकेच कोमट असावे. कढत दुधाने यीस्ट मरते. लोण्याखेरीज सर्व एकत्र करून मळावे आणि गोळा जमला की लोणी थोडेथोडे घालावे. आधीच लोणी घातले तर मैद्याच्या कणांना चरबीचा लेप बसतो आणि पाव फुगविणारे चिवट तंतू जुळावयास वेळ लागतो. पंधरा मिनिटे मळल्यावर चिमूट ओढून पाहावी. पडद्यासारखी पातळ ताणली जाऊन फाटली नाही म्हणजे पीठ तयार. झाकून ठेवावे. थंडीत दुप्पट व्हावयास दीड-दोन तास लागतात. आपल्या मे महिन्यात पाऊण तासही पुष्कळ. घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. मग सोळा भाग करून बोटासारखे लांबट वळावेत, पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यावेत, वरून दुधाचा हात फिरवावा आणि १९० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत. पूर्ण निवाल्याखेरीज चिरू नयेत.

खरी कसोटी क्रीमची आहे. पुडीतले जे ताजे क्रीम बाजारात मिळते त्यात चरबी पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही, कारण हवेचे बुडबुडे धरून ठेवण्यास चरबीचे कण पुरेसे नसतात. त्यासाठी तीस-पस्तीस टक्के चरबी लागते. घरची म्हशीच्या दुधाची साय फेटावी तर आपल्या हवेत ती पाहता पाहता लोण्याच्या वाटेला लागते. म्हणून घरात असा मार्ग काढलेला मी पाहिला. अर्धा लिटर दूध, ८० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर आधी थोड्या थंड दुधात कालवून घ्यावे, मग उरलेल्या साखर घातलेल्या उकळत्या दुधात ओतून गुठळी न होऊ देता घोटावे. बुडबुडे आल्यावरही मिनिटभर शिजवावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. उतरवून ४० ग्रॅम लोणी आणि वेलची किंवा व्हॅनिला घालावा. वर साय धरू नये म्हणून झाकण अगदी पृष्ठभागाला टेकवून थंड करावे. भरण्यापूर्वी पुन्हा फेटावे आणि हाताशी घट्ट गार साय असेल तर चार चमचे हलक्या हाताने मिसळावी. हे क्रीम ताठ उभे राहत नाही, मऊ बसते. दुधाचा धर्मच तो आहे.

वरच्या थरासाठी १५० ग्रॅम गडद चॉकलेट घ्यावे, पण घेताना पुडीच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. कोको बटर आहे की वनस्पती चरबी, हे तेथेच कळते. १०० मिलिलिटर पुडीतले क्रीम उकळीच्या बेतात आणून चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हात लावू नये, मग मधून बाहेर ढवळत जावे. चकाकी आली की भरलेल्या रोलची पाठ त्यात बुडवून काढावी. फेटताना न उभे राहणारे तेच पंचवीस टक्क्यांचे क्रीम येथे उत्तम काम देते.

सगळे मिळून हे चार तासांचे काम आहे आणि तो माल त्याच दिवसाचा आहे. दुधाचे सारण बाहेरच्या उष्म्यात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये; शीतकपाटात दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते, पण पाव कोरडा पडू लागतो. आता बेकरीच्या कपाटाकडे पाहावे. बाहेर पारा बेचाळीसवर असताना जे क्रीम दिवसभर ताठ उभे आहे, ज्याच्यावरचे चॉकलेट बोटाला लागत नाही, ते कशाचे आहे हे मग कोणी सांगावे लागत नाही. लोणी आणि कोको बटर ही दोन्ही साधारण शरीराच्या उष्णतेला विरघळतात; म्हणून ती जिभेवर नाहीशी होतात आणि म्हणूनच मे महिन्यात कपाटातही टिकत नाहीत. ज्या चरबीचा वितळबिंदू त्याहून वर, ती कपाटात टिकते आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखी चिकटून राहते. ही परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेवाचून घरातले पोर करू शकते.

आश्रय कोण देणार?

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंतांपैकी. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. दरबारच्या पद्धतीत गवई आणि आचारी यांच्यात एक साम्य होते. दोघांनाही महिन्याचा पगार होता, आणि दोघांचा माल जोखणारा कान किंवा जीभ एका ठिकाणी होती. ती पद्धत फार थोर होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात मर्जीचाही भाग होता आणि सामान्य माणसाला त्या ताटातले काही मिळत नव्हते. परंतु जिन्नस खरा की खोटा हे ओळखणारा कोणीतरी वर बसलेला होता. विलीनीकरणानंतर गवई शिकवण्यांकडे आणि जलशांकडे गेला. त्याचा आश्रयदाता श्रोता झाला. सयाजीरावांच्या काळी, १८८६ साली, मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली होती, तिने असा जाणता श्रोता पिढ्यान्‌पिढ्या घडविला, म्हणून या गावात गाणे टिकले.

घरी रोल करणाऱ्या बाईलाही आज हेच हवे आहे. तिला अनुदान नको आहे, करातली माफीही तिला आहेच. तिला जाणते गिऱ्हाईक हवे आहे. तिच्या रोलचा भाव ऐकून आपण ‘बेकरीत याच्या निम्म्याने मिळतो’ म्हणतो, तेव्हा आपण लोणी आणि पामतेल यांची तुलना करीत असतो आणि तुलना केल्याचे आपल्याला कळतही नसते. मी एका घरात पाहिले की या बोलण्याला कंटाळून बाईने लोणी काढले आणि तयार टॉपिंग आणले. माल स्वस्त झाला, गिऱ्हाईक खूश झाले, तक्रार एकानेही केली नाही. ही एकानेही न केलेली तक्रार मला करवाढीपेक्षा अधिक काळजीची वाटते. चांगली वस्तू महाग म्हणून मेली तर लोक निदान हळहळतात; ती बदलली गेली आणि कोणाला कळलेच नाही, तर ती परत येण्याची वाटही बंद होते.

तेव्हा तीन गोष्टी व्हाव्यात. सरकारने, पुडीवर जे लिहावे लागते ते सुट्या मालाच्या चिठ्ठीवरही लिहावयास लावावे: ‘दुधाचे क्रीम’ किंवा ‘वनस्पती क्रीम’, ‘चॉकलेट’ किंवा ‘कंपाउंड’. एका शब्दाचा खर्च कोणत्याही बेकरीला जड नाही, आणि वनस्पती क्रीम आवडणाऱ्याने ते खुशाल घ्यावे. घरून विकणाऱ्या भगिनींनी प्राधिकरणाची नोंदणी करून घ्यावी, तो क्रमांक डब्यावर लावावा आणि खाली आपण घातलेले जिन्नस व भरल्याची वेळ लिहावी. मोठ्या कारखान्याला ‘आज सकाळी भरले’ असे लिहिता येणार नाही, त्यांना येते. आणि आपण घेणाऱ्यांनी भाव विचारण्याच्या आधी एक प्रश्न विचारावयाची सवय करावी: क्रीम कशाचे आहे?

पावावरील क्रीमला अठरा टक्के की पाच, याचा निकाल दिल्लीत लागला. ते क्रीम आहे की नाही, याचा निकाल दिल्लीत लागणार नाही. तो आपल्या जिभेवर लागावयाचा आहे, आणि जीभ तयार व्हावयाला, कानासारखीच, एकदा तरी खरे चाखावे लागते.